मंजुरी येईपर्यंत

माझ्या सासूचा हात भाजला तेव्हा ओरडले मी, ती नाही.

लग्न होऊन मी रोहण्याला आले, त्याच्या दुसऱ्या हिवाळ्यातली ही गोष्ट. सासू चुलीपुढे बसून भाकरी टाकत होती, मी परातीत पीठ मळत होते. एकाएकी कातडं जळाल्याचा वास आला. पाहते तर तिच्या उजव्या हाताची करंगळी तव्याच्या काठाला टेकलेली, आणि ती निवांतपणे माझ्या नणंदेच्या स्थळाबद्दल बोलत होती. मी तिचा हात खसकन ओढला. तिने बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती. भाजल्याची नव्हे, मी पाहिलं याची.

"कोनाले सांगू नोको," एवढंच ती म्हणाली.

दुपारी पुरुषमाणसं वावरात गेल्यावर तिने मला माजघरात बोलावलं आणि चोळीची बाही वर केली. कोपराच्या वर एक फिका चट्टा होता. तिथे चिमटा काढला तरी कळत नाही, म्हणाली. केव्हापासून, ते तिने सांगितलं नाही. रोगाचं नावही घेतलं नाही. आमच्याकडे त्याला रगतपिती म्हणत, आणि तो शब्द तोंडातून निघाला तर बायका थुंकून टाकत. ज्याला हा महारोग झाला त्याला शिवेवर झोपडी मिळे, भाकरी लांबून ठेवली जाई, आणि त्याच्या घरच्या मुलींना मग कोणी मागणी घालत नसे. माझी धाकटी नणंद लग्नाची होती.

मी माहेरी आष्टीला सातवीपर्यंत शिकले होते. बाजाराच्या गावी, कोंडवाड्याच्या भिंतीवर लावलेलं एक पत्रक मी वाचलं होतं. या रोगावर आता गोळ्या निघाल्या आहेत, त्या सरकार फुकट देतं, बाजाराच्या दिवशी इथेच मिळतील, असं त्यात लिहिलेलं. मी सासूला ते सांगितलं. ती आधी नाही म्हणाली, मग रडली, आणि पुढच्या बाजारी बांगड्या भरायचं निमित्त काढून आम्ही दोघी निघालो.

केंद्र म्हणजे कोंडवाड्यामागची टिनाची एक खोली. पुलगावहून एक कंपाउंडर सायकलवर औषधाची पेटी बांधून येत असे. खोलीबाहेर कडुनिंबाखाली बरीच माणसं बसली होती, सगळ्यांची तोंडं पदरात नाहीतर दुपट्ट्यात झाकलेली. कोणी कोणाकडे पाहत नव्हतं. आम्ही टेकतो न टेकतो तोच शेजारच्या बाईचा पदर वाऱ्याने सरकला आणि माझी सासू दचकली. ती आमच्याच वावरात कापूस वेचायला येणारी मजूरीण होती, महारवाड्यातली. वावरात पाणी पाजताना सासू तिच्या ओंजळीत वरून धार धरत असे. आता दोघी एका झाडाखाली, एका रोगासाठी बसल्या होत्या. मजुरणीने मान खाली घातली. सासूनेही घातली. परतीच्या वाटेवर ती आमच्या बरीच मागून चालत आली, आणि तिने गावात हे कधी कोणाला सांगितलं नाही. आम्हीही नाही.

कंपाउंडर तरुण होता आणि कडक बोलायचा. त्याने सासूला डोळे मिटायला लावले आणि कापसाच्या बोळ्याने हातभर शिवत विचारलं, "कळते का? आता? आता?" बऱ्याच ठिकाणी ती गप्प राहिली. मग त्याने पांढऱ्या गोळ्यांची पुडी दिली.

"रोग थांबते याच्यानं, माय. पण मधातच औषध सोडलं तर दुप्पट उठते. एकही हप्ता चुकवायचा नाही."

तिने चुकवला नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. चट्ट्याच्या कडा मिसळून आल्या. एकदा चहाची बशी उचलताना ती "पोळलं वं!" म्हणाली आणि हसायलाच लागली. पोळल्याचा एवढा आनंद झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

त्या वर्षीच्या दसऱ्याला महारवाडा जवळजवळ रिकामा झाला. माणसं पायी, गाडीने, मिळेल तशी नागपूरला गेली आणि बौद्ध होऊन परतली. आमची मजूरीण पांढरं लुगडं नेसून आली. घरातले देव तिने नदीत सोडले होते. आता ती बांधावर उभी राहून बोलताना मान वर ठेवी, आणि सासूला ते आवडत नसे. कडुनिंबाखाली मात्र दोघी पूर्वीसारख्याच जवळजवळ बसत.

दिवाळीच्या सुमारास राज्य बदललं. आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. शाळेच्या गुरुजींनी पारावर सगळ्यांना समजावून सांगितलं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, घरी येऊन म्हणाले, "आता नागपूरचं राज्य नाई, मुंबईचं." सासू म्हणाली, "राज्य कोनाचंई राहो, आपल्याले काय करनं हाय?"

त्यानंतरच्या बाजारी कंपाउंडर आला, पण सायकलला पेटी नव्हती. माल पोचला नाही, पुढच्या वेळी देतो, म्हणाला. पुढच्या वेळीही नव्हता. त्याने सांगितलं ते असं: नागपूरचं गोदाम म्हणतं, आपण सगळेच आता मुंबईकडे, माल तिकडून मागा. मुंबई म्हणते, जुन्या सरकारचे कागद भोपाळला गेले, ते आल्याशिवाय हे केंद्र आमचं आहे हेच आम्हाला ठाऊक नाही. त्यालाही पगार मिळाला नव्हता. ही त्याची आमच्याशी शेवटची भेट. मग दाराला कुलूप लागलं.

लोक तरी येत राहिले. बाजाराच्या दिवशी यायचं, कुलपाकडे पाहायचं, थोडा वेळ झाडाखाली बसायचं आणि उठून जायचं. एक म्हातारा जवळ जाऊन कुलूप ओढून पाही. दर वेळी माणसं कमी दिसू लागली. त्यांतला एक, गावच्या दुकानात माप करणारा, चांगला उंच माणूस होता. त्याचा चेहरा सुजून तांबडा झाला तशी गावात कुजबुज झाली आणि एक दिवस त्याच्या भावानेच त्याला घराबाहेर काढलं. पुढे तो मला पुलगाव स्टेशनच्या बाहेर बसलेला दिसला. त्याने मला ओळखलं आणि घाईने तोंड फिरवलं. माझी ओळख निघू नये म्हणून फिरवलं असेल.

आमच्या घरात दुखणं कोपरातून उठलं. सासूच्या कोपरामागची शीर दोरीसारखी ताठ झाली. तिला धक्का लागला की ती ओठ चावून बसे. मग करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळायला लागलं. ती दुसऱ्या हाताने ती सरळ करी, सोडली की पुन्हा वळत. भाकरी थापणं माझ्याकडे आलं. ती हात पदराखाली ठेवू लागली आणि दिवसभर घरात असा एक प्रकारचा सावध शांतपणा राहू लागला की कुणी भांडं पाडलं तरी मी दचकत असे. मामाजी काही विचारत नसत. त्यांना माहीत नव्हतं की माहीत असून ते गप्प होते, हे मला कळत नव्हतं.

त्यातच नणंदेचं स्थळ ठरत आलं. जाम गावाकडचे लोक, घरची ओलिताची शेती, मुलगा शाळेत मास्तर. ते पाहायला आले त्या दिवशी पाहुण्या बायकांना कुंकू लावायला सासूने मला पुढे केलं. मुलाची आत्या सासूच्या पदराखालून दिसणाऱ्या बोटांकडे बघत राहिली.

"इहीनबाई, हाताले काय झालं तुमच्या?"

"चुलीवर भाजलं."

"भाजलं की बोटं अशी वयतात काय?"

नणंदेने चहाचा ट्रे आणला म्हणून तो प्रश्न तिथेच राहिला. लग्न ठरलं. वैशाखातली तिथी धरली. त्या दिवशी पाहुणे गेल्यावर सासू देवघरापुढे बसून राहिली, दिवा लावायचं विसरून.

माघातल्या एका दुपारी मजूरीण आमच्या मागच्या दाराशी आली. गंजीच्या आडोशाला उभी राहूनच तिने सासूला बोलावलं. मी सोबत गेले. तिच्याही भुवया विरळ झाल्या होत्या.

"आमी परत वर्ध्याले जाऊन राह्यलो," ती म्हणाली. "मागं मी एकटी गेलती. कचेरीतला बाबू काय म्हने ठाव हाय? म्हने तुमच्या बाजूले रोगीच नाईत. कोनाची तक्रार नाई. रोगी नाई तं दवाई कोनासाठी मंगवू?"

"मंग?"

"मंग काय? आपनच लपून बसलो, तं त्यायले दिसन कसं? सारे मिळून जाऊ. तुमी आल्या पायजे, मालकीनबाई."

"माह्या पोरीचं लग्न हाय. मले कोनी पाह्यलं तं?"

"अन् हात कोनी पाह्यत नाई काय?"

सासूचा चेहरा लाल झाला. "तुले बोलाले काय जाते? तुह्यं काय मोडनार हाय?"

"माह्या नवऱ्यानं मले पोळ्याच्या सणालेच सोडलं," मजूरीण शांतपणे म्हणाली. "मोडाचं ते मोडलं. आमची पोरं शिकून राह्यली, ते सांगतात, दवाई देनं सरकारचं काम हाय, उपकार नाई. पन काम करून घ्याले बी मानूस उभा राहावा लागते. उद्या सकायच्या गाडीनं जातो. येत असान तं या."

ती गेली. सासू मला म्हणाली, "मी जानार नाई." संध्याकाळी पुन्हा म्हणाली, "मी काई जानार नाई." सकाळी मी चूल पेटवायला उठले तर ती न्हाऊन, सणाचं हिरवं लुगडं नेसून ओट्यावर बसली होती.

"चाल माह्यासंग," ती म्हणाली. "तू आष्टीची हायस. बेचाळीसात ठान्यावर चालून गेलेल्या गावच्या लोकायले कचेरीचं भेव नसते."

भीती मलाही होती, पण ते मी बोलले नाही. लुगडं एवढं चांगलं का, असं मी वाटेत विचारलं. "भीक मांगाले थोडीच चाललो?" ती म्हणाली. "हिशोब इचाराले चाललो."

रोहण्याहून छोटी गाडी पुलगावला जाते, तिथून मोठी गाडी वर्ध्याला. आम्ही डब्यात चढलो तेव्हा मजूरीण आणि इतर रोगी एका कोपऱ्यात बसले होते. सासू क्षणभर दारात थांबली. मग जाऊन त्यांच्यात बसली. ते पाहून समोरच्या बाकावरचं कुटुंब उठलं, मुलांना उचलून पलीकडे गेलं. गाडी रमतगमत चालली होती. बाहेर कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या उभ्या होत्या, आणि आम्ही सगळे जण कुठे तरी शिक्षा घ्यायला निघाल्यासारखे बसलो होतो.

वर्ध्याच्या कचेरीचा व्हरांडा लांबलचक होता आणि कामाला आलेल्या लोकांनी भरलेला. आम्ही पायऱ्या चढलो आणि तो आपोआप रिकामा होत गेला. चपराशाने हात आडवा धरला. "तुम्ही लोक बाहेर. तिकडे झाडाखाली." काही जण वळलेही. मजूरीण हलली नाही. "झाडाखालीच बसून राह्यलो होतो आजवर," ती मोठ्याने म्हणाली. आवाज ऐकून साहेब दाराशी आले. त्यांनी रुमाल काढून नाकाशी धरला.

"काय पाहिजे?"

"दवाई बंद झाली, साहेब."

साहेब वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. त्यांनी समजावून सांगितलं. नवीन राज्य झालं आहे, सगळी घडी बसायची आहे. तुमच्या केंद्रासाठी पैशांची तरतूद जुन्या सरकारने केली होती, नव्या सरकारच्या अंदाजपत्रकात ती आलेली नाही. वर लिहिलं आहे. मंजुरी आली की केंद्र उघडेल. तोवर आमच्या हातात काही नाही.

"मंजुरी येईलोक बोटं थांबतीन काय?" मजुरणीने विचारलं.

"मी काय करू, बाई? पैसाच नाही त्या खात्यात."

तेव्हा माझी सासू पुढे झाली. तिने पदराखालून हात काढला आणि साहेबांच्या समोर धरला. दोन वळलेली बोटं, करंगळीवर जुना भाजल्याचा डाग. व्हरांड्यात मागे सरकलेले लोक आणखी मागे सरकले. हिरवं लुगडं नेसलेल्या, कपाळभर कुंकू लावलेल्या बाईचा तो हात आहे, हे त्यांना बघवत नव्हतं.

"मी कास्तकाराच्या घरची हाव," ती म्हणाली. "राज्य बदललं तवा आमचा शेतसारा थांबला काय, साहेब? पटवारी नाई म्हने, कागद भोपाळले गेले म्हून. तो बराबर आला अन् बराबर घेऊन गेला. घेयाच्या वक्ती तुमाले आमी मुंबईचे हाव हे ठाव होतं. देयाच्या वक्ती काऊन ठाव नाई?"

साहेबांचा रुमाल खाली आला. मग आत जाऊन त्यांनी कारकुनाला बोलावलं आणि रोगी आहेत हे दाखवायला प्रत्येकाचं नाव, गाव, बापाचं नाव लिहून घ्यायला सांगितलं. कारकून दौत घेऊन बसला, पण कोणी पुढे होईना. नाव लिहिलं गेलं की ते सगळ्यांचं झालं. सासूने माझा हात घट्ट धरला आणि आपलं, नवऱ्याचं, गावाचं, सगळं खणखणीत सांगितलं. मागोमाग इतरांनी सांगितलं.

त्याच वेळी मला खांबापाशी एक पांढऱ्या टोपीचा माणूस दिसला. तो नावं ऐकत होता. मी त्याला ओळखलं. जामकडचे पाहुणे आले तेव्हा त्यांच्या बैठकीत तो होता. माझी नजर पडताच तो वळला आणि पायऱ्या उतरून चालता झाला. मी सासूला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, तिनेही पाहिलं होतं.

परतताना गाडीत ती खिडकीशी बसली आणि रोहणा येईपर्यंत हात उघडाच मांडीवर ठेवून राहिली.

होळीच्या आधी जामहून निरोप आला. मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही, असा. त्यामागोमाग गावाला कारण कळलं. विहिरीवर मी गेले की बायका घागरी उचलून घेत. मला सांगण्यात आलं, सगळ्यांचं भरून झाल्यावर येत जा. दूध घेणारे दोघं बंद झाले. नणंद आईशी बोलेनाशी झाली. आई ओट्यावर आली की ती उठून आत जाई. एक दिवस फक्त मला म्हणाली, "वैनी, तिनं चार महिने दम धरला असता तं काय झालं असतं?" मी म्हटलं, "हात गेला असता." ती म्हणाली, "हात तं तसाबी गेला."

पंचांनी मामाजींना बोलावून सासूला वेगळं ठेवायला सांगितलं. त्यांनी गोठ्यालगत खोली सारवून घेतली, स्वतः बाज नेली. मला वाटलं, हेही तिला टाकणार. संध्याकाळी त्यांनी आपली वाकळही तिकडे नेली. "ढोरं चोरीला जाऊन राह्यली सध्या," ते कोणाकडेही न पाहता म्हणाले. "मी जागलीले तिथीच निजतो." मग दारात थांबून हळूच बोलले, "मले पहिलेपासून ठाव होतं. पन बोललो असतो तं खरं झालं असतं." मरेपर्यंत ते तिथेच निजले.

केंद्र चैत्र संपता संपता उघडलं. कंपाउंडर नवा होता. पहिल्या दिवशी कडुनिंबाखाली निम्मीही माणसं नव्हती. कुलूप ओढून पाहणारा म्हातारा आला नाही. त्याच्या गावच्या बाईने सांगितलं, त्याची नजर गेली. सासूच्या अंगात ताप होता, म्हणून तिच्या गोळ्या मजुरणीने आणून गोठ्यातल्या खोलीत दिल्या. सासूने लोटा पुढे केला. मजूरीण तोंड लावून प्यायली, आणि उरलेल्या पाण्यासोबत सासूने गोळी घेतली.

रोग हळूहळू पुन्हा दबला. बोटं मात्र सरळ झाली नाहीत. नणंदेचं लग्न दोन वर्षांनी यवतमाळकडच्या एका बिजवराशी झालं. ती माहेरी फार कमी आली, आणि आली तरी गोठ्याकडे उन्हं कलल्यावर एकदा जाऊन येई.

केंद्र उघडल्याच्या पुढच्या वर्षी मार्च लागला तेव्हा नवा कंपाउंडर गोळ्या मोजता मोजता म्हणाला, "एकतीस तारखेपर्यंतचं आहे. पुढच्या वर्षाची मंजुरी यायची आहे अजून." त्याने ते सहज सांगितलं. झाडाखालचे सगळे जण एकदम त्याच्याकडे बघू लागले. परत येताना सासूने वाटेत दोनदा पुडी सोडून गोळ्या मोजल्या.

काही दिवसांनी तिची खोली सारवताना बाजेखाली मला एक टिनाची डबी सापडली. आत अर्ध्या अर्ध्या तोडलेल्या गोळ्या होत्या. ती रोज अर्धीच घेत होती आणि अर्धी ठेवत होती. मी डबी घेऊन तिच्यापुढे गेले.

"आत्याबाई, हे काय? अर्ध्या गोळीनं रोग पुन्हा उठते. तुमाले सांगतलं होतं नं?"

ती ज्वारी पाखडत होती, सूप चांगल्या हाताने धरून आणि वळलेल्या हाताने टेकू देऊन. थांबली नाही.

"ठाव हाय मले."

"मंग?"

"पुन्हा कुलूप लागलं तं?" ती म्हणाली. "उजव्या हातापायी पोरीचं लग्न मोडलं. डाव्या हातासाठी आता कोनाच्या पोरीचं मोडू?"

बाहेर मामाजी बैलांना पाणी दाखवत होते. मी डबी होती तिथेच ठेवली आणि उरलेली जमीन सारवून घेतली.